तपासलंय असं धरून



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "मेल प्रोग्रॅममधली प्रमाणपत्रांची पडताळणी." त्यांनी ते लिहून घेतलं, आणि निमंत्रणपत्रिकेवर छापून आलं 'सायबर सुरक्षा : काळाची गरज'. त्यांची अडचण मी समजू शकतो. पण काळाच्या गरजेवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते एका बारीकशा कामाबद्दल. ते काम तुमच्या खिशातला फोन आत्ता, माझं बोलणं चालू असतानाही करतो आहे, आणि ते नीट होतंय की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते सर गणित शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. पण आज जेवताना त्यांचे जुने विद्यार्थी सांगत होते, की उत्तर बरोबर असलं तरी ताळा केलेला नसेल तर सर वही हातात घेत नसत. मी ज्या प्रोग्रॅमांची हकीगत सांगणार आहे, त्या प्रत्येकात ताळ्याची जागा राखलेली होती. ताळा मात्र होत नव्हता.

आधी मेल येतो कसा ते पाहू. फोनमधलं मेल ॲप ठरावीक वेळाने सर्व्हरकडे जातं. जायचं म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधायचा, त्या पत्त्याशी जोडणी करायची, आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा आणि नवीन पत्रं उचलायची. यातला आकडी पत्ता सांगतं कोण? बहुतेक वेळा तुम्ही ज्याच्या वायफायवर असाल तो. लॉजच्या किंवा स्टँडसमोरच्या हॉटेलच्या राउटरने खोटा पत्ता दिला, तर फोन भलत्याच यंत्राच्या दारात जाऊन उभा राहतो. ते यंत्र म्हणतं, मीच तुमचा मेल सर्व्हर. मधे बसलेला हा माणूस पुढे खऱ्या सर्व्हरशी स्वतः जोडणी करतो, इकडचं तिकडे पोचवतो, आणि तुमची पत्रं वेळेवर येत राहतात. तक्रार करायला काही कारणच उरत नाही.

"पण हल्ली सगळं एन्क्रिप्टेड असतं ना?" असं लोक विचारतात. असतं. या मधल्या माणसाशी तुमच्या फोनचं जे बोलणं झालं तेही पूर्ण एन्क्रिप्टेड होतं. तिसऱ्याला त्यातलं अक्षर कळणार नाही. प्रश्न एवढाच, की बोलणं झालं कोणाशी? त्याचं उत्तर शोधणं हे प्रमाणपत्राचं काम.

हे प्रमाणपत्र म्हणजे तहसील कार्यालयातून मिळणारा दाखला समजा. दाखला हातात आला की निबर कारकून चार गोष्टी बघतो. नाव समोरच्या माणसाचंच आहे का? मुदत संपली नाही ना? सही-शिक्का खरा आहे का? आणि चौथी गोष्ट, जी बघायची वेळ सहसा येत नाही: सही करणाऱ्याला दाखले देण्याचा अधिकार आहे का? रहिवासी दाखला मिळालेल्या एखाद्या गृहस्थाने उद्या ओट्यावर टेबल मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वतःच्या सहीचे दाखले वाटायला सुरुवात केली, तर त्याचा स्वतःचा दाखला शंभर टक्के खरा असतो, त्यावर तहसीलदाराची सही असते, आणि तरीही त्याने वाटलेल्या कागदांना रद्दीची किंमत असते. इंटरनेटवरच्या प्रमाणपत्रात हा अधिकार एका वेगळ्या रकान्यात लिहिलेला असतो. त्याला 'बेसिक कन्स्ट्रेंट्स' म्हणतात. हा पुढे प्रमाणपत्रं देऊ शकतो, किंवा देऊ शकत नाही, एवढंच त्यात असतं. जानेवारी १९९९ मध्ये निघालेल्या आरएफसी २४५९ या दस्तऐवजात हा रकाना कसा वाचायचा ते स्वच्छ लिहिलेलं आहे.

ऑगस्ट २००२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक या टोपणनावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या एका तरुणाने जाहीर केलं, की इंटरनेट एक्सप्लोरर हा रकाना वाचतच नाही. कोणत्याही फुटकळ वेबसाइटसाठी रीतसर विकत घेतलेलं प्रमाणपत्र असलं, की त्याच्या जोरावर हव्या त्या बँकेच्या नावाचं नवं प्रमाणपत्र तयार करायचं. ब्राउझर साखळी पाहतो, वरची सही खरी, खालची सही खरी, आणि मान डोलावतो. मायक्रोसॉफ्टने ४ सप्टेंबर २००२ रोजी याची सूचना काढली, क्रमांक एमएस०२-०५०. ती सूचना वाचण्यासारखी आहे, कारण दोष ब्राउझरपुरता नव्हता असं तिच्यातून कळतं. तो क्रिप्टोएपीआय नावाच्या, विंडोजच्या पोटातल्या भागात होता, आणि प्रमाणपत्र तपासायचं असलं की विंडोजवरचे असंख्य प्रोग्रॅम त्या भागाला विचारत. मेलही. दुसऱ्याच माणसाच्या नावाचं प्रमाणपत्र लावून सही केलेली ईमेल पाठवता येईल, असं त्या सूचनेतच म्हटलं होतं. म्हणजे ज्या सुविधेचा हेतूच 'हे पत्र अमक्याचंच' असं सांगणं होता, ती भलत्याचीही ग्वाही देत होती.

त्या सूचनेत आणखी एक तपशील आहे, आणि माझ्या मते सगळ्यात बोलका तोच. मॅकिंटॉशवरच्या आउटलुक एक्सप्रेस या मेल प्रोग्रॅममध्येही हाच दोष होता, पण त्याचा क्रिप्टोएपीआयशी काही संबंध नव्हता. तिथला कोड वेगळा होता. केडीईच्या कॉन्करर या ब्राउझरमध्येही तोच दोष निघाला. तो तर मायक्रोसॉफ्टचा नव्हेच, जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेला. परस्परांशी संबंध नसलेल्या मंडळींनी नेमका तोच रकाना वाचायचा सोडून दिला. कॉपी करून तिघे नापास झाले असते तर समजण्यासारखं होतं. इथे प्रत्येकाने आपापल्या घरी बसून तीच चूक केली.

का? कारण तो रकाना न वाचल्याने काहीच बिघडत नाही. हे मला आज मुख्यतः सांगायचं आहे. प्रोग्रॅम लिहिणारा तो चालवून बघतो. सर्व्हरशी जोडणी झाली, मेल आला, काम झालं. खऱ्या सर्व्हरचं खरं प्रमाणपत्र तपासलं काय आणि न तपासलं काय, पडद्यावर तेच दिसणार. वर्षानुवर्षं, कोट्यवधी वेळा तेच दिसणार. पडताळणी नावाच्या कामाचा उपयोग फक्त एकाच प्रसंगी होतो, जेव्हा 'नाही' म्हणायचं असतं. आणि तो प्रसंग लिहिणाऱ्याच्या टेबलावर येत नाही, तपासनिसाच्या यादीत नसतो, गिऱ्हाईकाला तर नकोच असतो. मेल येत नाही अशी तक्रार कंपनीकडे येते; मेल यायला नको होता तरी आला, अशी तक्रार घेऊन कोण जाणार?

नऊ वर्षांनी, २५ जुलै २०११ रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस ४.३.५ ही आवृत्ती काढली. ती एवढ्याचसाठी होती, की आयफोन प्रमाणपत्रांची साखळी तपासताना हाच, बेसिक कन्स्ट्रेंट्सचा रकाना पाहत नव्हता. २००२ मध्ये त्या तरुणाने दोष दाखवण्यासाठी एसएसएलस्निफ नावाचं साधन लिहिलं होतं. ते त्याने पुन्हा बाहेर काढलं, आयफोन ओळखण्याची सोय त्यात घातली, आणि ते चाललं. इतक्या वर्षांत या विषयावर पुस्तकं निघाली होती, परिषदा झाल्या होत्या. त्या फोनवर लोक ऑफिसची पत्रं वाचत होते, आणि मेल, ब्राउझर, सगळेच त्या पडताळणीच्या भरवशावर होते.

मधे २००९ साली एक वेगळी गंमत झाली. गंमत म्हणतो, कारण तिच्यात एक प्रकारचं सौंदर्य आहे. प्रमाणपत्रात नाव लिहिताना आधी त्याची लांबी लिहितात आणि मग अक्षरं. सी भाषेत लांबी लिहायची पद्धत नाही. शून्य किमतीचं एक अक्षर आलं की नाव संपलं असं मानायचं. आता मी माझ्या मालकीच्या डोमेनसाठी अर्ज करतो, पण नावात आधी बँकेच्या मेल सर्व्हरचं पूर्ण नाव, मग ते शून्य-अक्षर, आणि मग माझं डोमेन असं लिहितो. प्रमाणपत्र देणारी कंपनी नावाची शेपटी बघते, डोमेन माझंच आहे, देऊन टाकते. तुमचा मेल प्रोग्रॅम ते नाव डावीकडून वाचायला लागतो, शून्याशी थांबतो, आणि त्याला बँकेचं नाव दिसतं. दोघांनी एकच ओळ वाचली आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर. मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की या दोघांनी हे स्वतंत्रपणे शोधून त्या उन्हाळ्यात लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत मांडलं. मोझिलाच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमसाठीची दुरुस्ती ऑगस्टमध्ये २.०.०.२३ या आवृत्तीत आली.

आता २०१४. हे वर्ष या विषयाच्या इतिहासात ठळक आहे, आणि त्यातला एक प्रसंग मी थोडा जवळून दाखवणार आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी घाबरू नका, सहा ओळींचा मामला आहे.

जोडणी करताना सर्व्हर एक मजकूर पाठवतो आणि त्याखाली प्रमाणपत्रातल्या किल्लीने सही करतो. ती सही तपासली नाही, तर प्रमाणपत्र खरं असूनही उपयोग नाही, कारण प्रमाणपत्र कोणालाही मिळतं, ते गुप्त नसतंच. किल्ली गुप्त असते. ॲपलच्या कोडमध्ये ही सही तपासणारं एक फंक्शन होतं. त्याची रचना अशी: पहिली पायरी करा, चूक निघाली तर 'गोटू फेल', म्हणजे शेवटच्या फेल नावाच्या खुणेपाशी उडी मारा. दुसरी पायरी करा. चूक निघाली तर गोटू फेल. अशा पायऱ्या एकाखाली एक. त्यातल्या एका पायरीनंतर 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडली होती. पहिली 'चूक निघाली तर' या अटीखाली. दुसरी कोणत्याच अटीखाली नाही, पण तितकीच आत सरकवून लिहिलेली, त्यामुळे ती पहिलीची जुळी बहीण दिसते आणि नजर पुढे घसरते. परिणाम असा, की यंत्र दर वेळी, काहीही झालं तरी, तिथून उडी मारत असे. त्यापुढच्या ओळी मेलेल्या, आणि प्रत्यक्ष सही ताडून पाहणारी ओळ नेमकी त्या मेलेल्यांत. उडी मारली तेव्हा चुकांच्या खान्यात शून्य होतं, कारण तोवर खरंच चूक झालेली नव्हती. फेल या खुणेपाशी पोचून फंक्शनने उत्तर दिलं: शून्य चुका. सही ठीक.

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी आयफोनसाठी दुरुस्ती निघाली, आयओएस ७.०.६. ॲपलच्या सूचनेत एक-दोन त्रोटक वाक्यं होती, पण त्या दिवसांत गूगलमध्ये काम करणाऱ्या ॲडम लँगली यांनी कोड उघडून नेमकी ओळ दाखवली, आणि रात्रीतून ती जगभर झाली. मॅक संगणकांना दुरुस्ती मिळाली २५ तारखेला. मधले चार दिवस दोष जाहीर, हल्ला कसा करायचा ते जाहीर, आणि मॅकवरचं ॲपलचं मेल उघडंच. तिथेच क्रोम आणि फायरफॉक्स वापरणारे सुरक्षित होते, कारण ते ही सही तपासायला ॲपलची लायब्ररी वापरत नव्हते. आता गोम बघा. त्या चार दिवसांत "सफारी वापरू नका, क्रोम वापरा" असा सल्ला सर्वत्र दिला गेला. लोकांनी ब्राउझर बदलला. मेलचं काय? मेल प्रोग्रॅम कोणी 'उघडत' नाही, तो मागे चालूच असतो. पासवर्ड देत असतो.

यानंतर दोनच आठवड्यांत, मार्चच्या सुरुवातीला, ग्नूटीएलएस या लायब्ररीतला दोष बाहेर आला. लिनक्सच्या डेबियन वाणात एक्झिम हा मेल सर्व्हर आणि मट हा मेल प्रोग्रॅम याच लायब्ररीवर बेतलेले. रेड हॅटसाठी तिच्या कोडचं परीक्षण करताना लायब्ररीचे स्वतःचे कर्ते निकोस मावरोयानोपुलोस यांनाच तो सापडला. एका फंक्शनने 'हो' साठी एक आणि 'नाही' साठी शून्य द्यायचं असं ठरलेलं. पण आत काही बिनसलं तर तेच फंक्शन ऋण आकडा परत करी. विचारणारा एवढंच बघे: शून्य आहे का? शून्य नाही, म्हणजे हो. अशा रीतीने, 'मला तपासताच आलं नाही' या उत्तराचा अर्थ 'तपासलं, ठीक आहे' असा लावला गेला, आणि हे कित्येक वर्षं चाललं. पुढच्याच महिन्यात हार्टब्लीड नावाच्या दुसऱ्या एका दोषाचा धुरळा उडाला आणि हे दोन्ही दोष लोक विसरून गेले. माझ्या मते हार्टब्लीडपेक्षा हे दोन अधिक शिकवणारे आहेत, पण त्यांना लोगो नव्हता.

हो आणि नाहीचा असाच घोळ कर्ल या फार वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत होता, आणि तिथे तर कोडात चूकही नव्हती. सर्व्हरचं नाव प्रमाणपत्रातल्या नावाशी जुळतं का हे बघण्यासाठी एक सेटिंग होतं, व्हेरिफायहोस्ट. त्याला शून्य, एक किंवा दोन अशी किंमत द्यायची. दोन म्हणजे नाव ताडून बघा. एक म्हणजे प्रमाणपत्रात काहीतरी नाव आहे एवढंच बघा. पीएचपीमध्ये लिहिणारा सज्जन प्रोग्रॅमर सुरक्षेच्या काळजीने तिथे 'ट्रू' लिहायचा. ट्रू म्हणजे एक. त्याने काळजी घेतली आणि पडताळणी बंद केली. २०१२ साली टेक्सास आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या सहा संशोधकांनी ब्राउझर सोडून इतर सॉफ्टवेअर प्रमाणपत्रं कशी तपासतं याचा धांडोळा घेतला, तेव्हा पैशांचे व्यवहार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे 'ट्रू' सापडलं. त्यांनी त्या निबंधाला नाव दिलं 'जगातला सर्वांत धोकादायक कोड', आणि मला ते अतिशयोक्त वाटत नाही. पुढे कर्लच्या कर्त्यांनी ती 'एक' किंमतच बंद केली.

त्याच संशोधकांपैकी काहींनी आणि त्यांच्या नव्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी खऱ्या प्रमाणपत्रांचे अवयव तोडले आणि वाटेल तसे जोडून ऐंशी लाखांहून अधिक विचित्र प्रमाणपत्रं बनवली. फ्रँकेनस्टाइनवरून त्यांना फ्रँकनसर्ट म्हटलं. मग ती प्रचलित लायब्रऱ्यांपुढे टाकली आणि कोण कशाला नकार देतं ते बघितलं. एकाने नाकारलं आणि दुसऱ्याने स्वीकारलं, अशा २०८ विसंगती निघाल्या. मी म्हणतो ती परीक्षा ही. इतकी वर्षं सगळे खरी प्रमाणपत्रं दाखवून प्रोग्रॅम तपासत होते. यांनी खोटी दाखवून तपासले.

ही परीक्षा लहान प्रमाणात घरीही घेता येते. जुन्या संगणकावर डव्हकॉट नावाचा मेल सर्व्हर बसवायचा, त्याला स्वतःच बनवलेलं, भलत्याच नावाचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि फोनमधलं मेल ॲप त्याच्याकडे वळवायचं. मी हे अधूनमधून करतो. चांगलं ॲप तिथेच अडतं. एका ॲपने, नाव सांगत नाही, लाल खूण दाखवली, 'जोडणी सुरक्षित नाही' असं म्हटलं, आणि ते म्हणण्याआधी पासवर्ड देऊनही टाकला होता. सर्व्हरच्या नोंदवहीत तो अक्षर न अक्षर उमटलेला होता.

जुन्या अँड्रॉइड फोनांत कंपनीनेच दिलेल्या ईमेल ॲपमध्ये सुरक्षेचे पर्याय निवडायची यादी असे, आठवत असेल. एसएसएल, टीएलएस, आणि त्यांच्याच शेजारी, त्याच टाइपात, 'सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा' जोडलेले पर्याय. मेल चालू होत नसेल तर दुकानातला पोरगा तो पर्याय निवडून देई, आणि मेल चालू होई. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पडताळणी न करण्याला पर्याय म्हणून यादीत बसवणारा तो नव्हता.

मोठ्या पातळीवर, म्हणजे एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्या मेल सर्व्हरकडे पत्र जातं त्या वाटेवर, तर परिस्थिती आणखी ढिली आहे. ईमेलचा मूळ नियम, एसएमटीपी, १९८२ चा. त्यात गुप्ततेचा विचारच नाही. १९९९ मध्ये त्यावर स्टार्टटीएलएस हे कलम चढवलं गेलं. एक सर्व्हर दुसऱ्याला सांगतो, मला एन्क्रिप्शन येतं. पलीकडचा म्हणतो, मग चालू करू. पण ही घोषणाच उघड्यावर होते. मधल्या उपकरणाने ती ओळ खोडली तर पलीकडचा समजतो की याला येत नसेल, आणि पत्र उघडं पाठवतो. काही नेटवर्क उपकरणं त्या शब्दाच्या जागी एक्स अक्षरांची रांग भरत. मिशिगन विद्यापीठ, गूगल वगैरेंच्या संशोधकांनी २०१५ साली मोजलं, तेव्हा ट्युनिशियातून जीमेलकडे येणाऱ्या पत्रांपैकी ९६ टक्के अशी उघडी केली जात होती. आणि एन्क्रिप्शन झालंच, तरी पलीकडच्याचं प्रमाणपत्र बहुतेक सर्व्हर ताडून बघत नसत, कारण बघितलं आणि नाकारलं तर पत्र अडकणार. पत्र पोचलंच पाहिजे हा या क्षेत्राचा जुना बाणा आहे. तो मला आवडतोही. पण त्याची किंमत कोण मोजतंय हे माहीत असलेलं बरं. या संधीसाधू एन्क्रिप्शनवरच्या, डिसेंबर २०१४ च्या आरएफसी ७४३५ च्या शीर्षकातच प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे: 'बहुतेक वेळा थोडंफार संरक्षण'. २०१८ मध्ये एमटीए-एसटीएस हा नियम आला, ज्यात पत्र घेणारा आधीच जाहीर करू शकतो, की माझं प्रमाणपत्र जुळलं नाही तर पत्र देऊ नका. त्याच वर्षी, आपल्या फोनपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेसाठी, स्टार्टटीएलएसची वाटाघाट सोडून पहिल्या अक्षरापासून एन्क्रिप्शन करा, अशी शिफारस आरएफसी ८३१४ ने केली. ९९३, ९९५, ४६५ हे पोर्टचे आकडे तुमच्या सेटिंगमध्ये दिसले तर ते त्या शिफारशीचे.

आता आपल्याकडे येऊ. एका पतसंस्थेच्या शाखेत बसलो होतो. सकाळी मॅडमनी संगणक चालू केला, आउटलुक उघडलं आणि पडद्यावर एक खिडकी आली. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही, हा सर्व्हर वापरत राहायचं का? येस, नो, व्ह्यू सर्टिफिकेट. मॅडमनी खिडकी पूर्ण उमटायच्या आत येस दाबलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "तो रोज येतो. येस केलं की मेल येतात." कारण साधं होतं. संस्थेचं डोमेन एका होस्टिंग कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर. सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव संस्थेच्या डोमेनचं घातलेलं, प्रमाणपत्र होस्टिंग कंपनीच्या नावाचं. नाव जुळणार कसं? सेटिंगमध्ये प्रमाणपत्रावरचं नाव घातलं की खिडकी कायमची जाते. चहा येईपर्यंत होणारं काम, पण संगणक बसवून देणाऱ्याने ते केलं नव्हतं, कारण येस दाबून काम होत होतं.

इथे सगळे मॅडमना शिकवायला निघतात. प्रशिक्षण शिबिरं घेतात, भिंतीवर पोस्टर लावतात. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्या खिडकीने एवढ्या सकाळी विनाकारण ओरड केली, तिच्याकडे मॅडमनी खऱ्या हल्ल्याच्या दिवशी लक्ष द्यावं, आणि त्या दिवशी खिडकी दिसणार अगदी तीच. निर्णयासाठी लागणारी एकही माहिती मॅडमकडे नाही. माहिती प्रोग्रॅमकडे आहे, आणि तो जबाबदारी त्यांच्यावर ढकलून मोकळा होतो. नाकारण्याचं धैर्य नसलेल्या प्रोग्रॅमने दुसऱ्याला विचारलेला तो प्रश्न आहे.

आणि एक भारतीय प्रकरण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आलं, की त्यांच्या काही डोमेनसाठी कोणीतरी अनधिकृत प्रमाणपत्रं दिली आहेत. देणारी संस्था होती आपली नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर, एनआयसी. तिला अधिकार देणारी, म्हणजे मघाच्या भाषेत तहसीलदाराच्या वरची, भारत सरकारची सीसीए. एनआयसीची प्रमाणपत्रं देण्याची प्रक्रियाच कोणीतरी भेदली होती. सीसीएने दुसऱ्याच दिवशी एनआयसीचे अधिकार रद्द केले, आणि चौकशीअंती चार प्रमाणपत्रं चुकीची निघाल्याचं कळवलं, तीन गूगलच्या डोमेनची, एक याहूच्या. दोन्ही कंपन्यांकडे लोकांचे मेल होते, हे वेगळं सांगायला नको.

या प्रकरणात तपासणारा प्रोग्रॅम कितीही चोख असता तरी साखळी बिनचूक होती. बेसिक कन्स्ट्रेंट्स बरोबर, सही खरी, नाव जुळणारं. सीसीएचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजच्या यादीवर विसंबणारे बहुसंख्य प्रोग्रॅम ती स्वीकारणार होते. मोझिलाची यादी स्वतंत्र, तिच्यात सीसीए नव्हती, म्हणून फायरफॉक्सला धोका नव्हता. क्रोम विंडोजची यादी मानत असे, तरीही गूगलच्या साइटांसाठी तो ही प्रमाणपत्रं नाकारणार होता, कारण गूगलच्या किल्ल्या कोणत्या असू शकतात याची स्वतःची नोंद तो जवळ ठेवत असे. २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या कंपनीने दिलेलं गूगलचं खोटं प्रमाणपत्र इराणमध्ये लोकांचं जीमेल वाचायला वापरलं गेलं, तेव्हाही ते पकडलं याच नोंदीने. तिथल्या एका वापरकर्त्याच्या क्रोमने इशारा दिला आणि त्याने तो जगाला दाखवला. त्याच्या मेल प्रोग्रॅमने दिला असता का, याचं उत्तर तुम्हीच द्या. डिजिनोटार महिन्याभरात दिवाळखोरीत गेली.

एनआयसी प्रकरणानंतर गूगलने क्रोममध्ये सीसीएचा अधिकार मर्यादित केला. गव्ह डॉट इन, निक डॉट इन, एसी डॉट इन, रिझर्व्ह बँकेचं डोमेन आणि मोजकी आणखी काही, एवढ्यांपुरतंच चालेल. एका देशाच्या सरकारी यंत्रणेच्या सहीला एका कंपनीच्या ब्राउझरने कुंपण घातलं, याचा काहींना राग आला. मला त्या कंपनीच्या हातातली सत्ता खुपते, पण कुंपण योग्य होतं असंच वाटतं. ते आपणच आधी घालून घ्यायला हरकत नव्हती.

शेवटी एक सूचना, कारण या सभागृहात नगरपालिकेचे, शाळांचे, बँकांचे लोक बसलेले मला दिसतात. तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेता तेव्हा निविदेत दोन-तीनशे मुद्दे असतात: हे करतं का, ते करतं का. त्यात तीन मुद्दे वाढवा. विक्रेत्याला समोर बसवून मुदत संपलेलं प्रमाणपत्र लावलेल्या सर्व्हरशी जोडणी करून दाखवायला सांगा. मग भलत्या नावाच्या. मग कोणीही न ओळखलेल्या संस्थेने सही केलेल्या. तिन्ही वेळा जोडणी झाली नाही पाहिजे, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत पासवर्ड उमटला नाही पाहिजे. खिडकी आली आणि तिच्यात येस असेल, तर तो गुण देऊ नका. विक्रेता म्हणेल, असं आजवर कोणी मागितलं नाही. तो खरं बोलत असेल.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. प्रश्न असतील तर घेतो. फोनचे सेटिंग दाखवायचे असतील त्यांनी मात्र कार्यक्रमानंतर या.